अव्वल महिला सर्फर खातात काय, आणि मुख्य म्हणजे किती आणि कधी?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते. सोळा वर्षांची मुलगी स्पर्धात्मक सर्फिंग करते. व्यावसायिक स्पर्धांच्या जागतिक दौऱ्यावरच्या मुलींचे ‘मी दिवसभरात काय खाते’ छापाचे व्हिडिओ बघून तिने भात आणि ब्रेड बंद केला आहे. तीन किलो उतरवलेस तर बोर्डवर हलकी होशील, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं आहे. तीन महिने पाळी आलेली नाही. पहाटे पाण्यात जाण्याआधी तिला काही खाववत नाही. आई विचारते आहे की या अव्वल खेळाडू नक्की खातात तरी काय, आणि आमच्या मुलीने काय खावं?

मी खेळाडूंच्या आहाराचं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं सर्फरांबरोबर गेली आहेत. उत्तर देताना तुमचा क्रम उलटा करते. खाण्याचं नंतर, पाळीचं आधी.

तीन महिने पाळी न येणं ही ‘खेळणाऱ्या मुलींना असं होतंच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. होतं खरं, पण ताप येतो तसं होतं. आत काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून होतं. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. थायरॉइड, पीसीओएस, गर्भधारणा ही कारणं आधी बाजूला काढायला हवीत आणि ते काम आहारतज्ज्ञाचं नाही. रक्त तपासताना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा. पाळी ‘आणण्यासाठी’ हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या गेल्या, तर मूळ कारण काय आहे ते आवर्जून विचारा. गोळ्यांचं पाकीट संपल्यावर येणारा रक्तस्राव हा गोळी थांबल्याचा परिणाम असतो, शरीर रुळावर आल्याचा पुरावा नसतो. दोन वर्षं ‘पाळी अगदी नियमित आहे’ असं सांगणारी एक खेळाडू माझ्याकडे होती. गोळ्या बंद केल्यावर पुढचे आठ महिने काहीच नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय अपुऱ्या खाण्यावर जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आणि २०१८ व २०२३ मध्ये त्यावरची भूमिका अद्ययावत केली. व्यायामावर खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या बाकीच्या कामांना जे उरतं, ते फार कमी पडलं की शरीर काटकसर सुरू करतं. हृदय आणि मेंदू तर बंद ठेवता येत नाहीत. मग पाळी, हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती, झोप आणि मनःस्थिती यांच्यावर कात्री चालते. वजन मात्र कित्येकदा जागचं हलत नाही. त्यामुळे ‘वजन तर तेवढंच आहे, म्हणजे खाते ना पुरेसं’ हा घरोघरचा युक्तिवाद फसवा आहे.

एक हिशेब करून दाखवते. ५८ किलोची प्रौढ सर्फर घ्या, चरबी साधारण २० टक्के. चरबी वगळून उरलं सुमारे ४६ किलो. ती दिवसातून तीन तास पाण्यात आहे आणि वर तासभर जिम, म्हणजे अंदाजे ९०० किलोकॅलरी गेल्या. ती खाते २००० किलोकॅलरी, म्हणजे ‘नीट’ जेवणाऱ्या बाईइतकं. २००० मधून ९०० गेल्या, उरल्या ११००. त्याला ४६ ने भागलं तर किलोमागे २४ येतात. तरुण स्त्रीचं शरीर सुरळीत चालायला हा आकडा ४५ च्या आसपास हवा, आणि ३० च्या खाली बराच काळ राहिला की गडबडीची शक्यता वाढत जाते. म्हणजे आमच्या या सर्फरला २००० नव्हे, २९००-३००० लागतात. हजार किलोकॅलरींचा खड्डा, आणि तिने उपाशी राहायचं ठरवलेलंसुद्धा नाही. हे आकडे प्रयोगशाळेतल्या तराजूचे नाहीत, समुद्रातल्या खर्चाचा अंदाज वीस-तीस टक्क्यांनी सहज चुकतो. पण खड्डा केवढा आहे हे कळायला पुरेसे आहेत. तुमची मुलगी अजून वाढीच्या वयात आहे, म्हणजे तिच्या हिशेबात वाढीचा खर्च वेगळा धरायचा.

सर्फर मुलीच या खड्ड्यात इतक्या सहज का पडतात? जिम्नॅस्ट किंवा लांब पल्ल्याच्या धावपटूंवर बारीक राहण्याचा दबाव असतो, ते सगळ्यांना माहीत आहे. सर्फिंगची प्रतिमा उलट आहे, मोकळीढाकळी, मस्तमौला. पण या खेळाचं वेळापत्रक माणूस ठरवत नाही. भरती-ओहोटी ठरवते, वारा ठरवतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेची भिंत उभी धरून ठेवतो. ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो आणि लाटा विस्कटतात. म्हणून सगळे अंधार असतानाच उठून पाण्याकडे धावतात. पाण्यात एक तासासाठी जातात आणि लाटा चांगल्या लागल्या तर साडेतीन तासांनी बाहेर येतात. तिथे डबा नसतो, बाटली नसते, घड्याळाकडे लक्ष नसतं.

बावीस वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगते. दौऱ्याच्या खालच्या पायरीवरून वरच्या पायरीच्या उंबरठ्यावर आलेली. तक्रार एवढीच की हीटच्या, म्हणजे स्पर्धेतल्या एका फेरीच्या, शेवटच्या दहा मिनिटांत हात ‘ओले टॉवेल’ होतात, पॅडल मारायला, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी कापायला, उचलत नाहीत. मी तिला डायरी लिहायला सांगत नाही, फोटो काढायला सांगते. लिहिताना माणूस नकळत स्वतःला चांगलं दाखवतो. तिचे फोटो असे होते: ४:५०, खिडकीच्या कठड्यावर काळ्या कॉफीचा मग, शेजारी लॅपटॉपवर किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. त्यानंतर थेट ८:४०, वाहनतळ, वेटसूट (पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख) कमरेपर्यंत उतरवलेला, हातात अर्धं केळं. उरलेलं अर्धं मैत्रिणीला. ९:०० ला दुसरी कॉफी. ११:१५ ला जिम आटोपल्यावर फळांचा मोठा देखणा बोल, म्हणजे वाडगा, वर बिया आणि खोबऱ्याचे काप. मग संध्याकाळपर्यंत काही नाही, कारण तीन ते साडेपाच पुन्हा पाण्यात. रात्री आठला मासा आणि भरपूर भाज्या. दहा दिवस हेच. अकराव्या दिवशी तिने ज्याचे फोटो काढलेच नव्हते ते सांगितलं. रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात उभ्याने, बरणीत चमचा घालून शेंगदाण्याचं लोणी, अर्धी बरणी. आणि मग स्वतःवर चिडून दुसऱ्या दिवशी पुन्हा काळ्या कॉफीने सुरुवात. तिला वाटत होतं हा तिच्या मनोनिग्रहाचा प्रश्न आहे. मला तो साधा भुकेचा प्रश्न दिसला. दिवसभर थकवलेली उधारी शरीर रात्री एकरकमी वसूल करत होतं.

तिच्या ताटातला एकही पदार्थ मी बंद केला नाही. दिवसातल्या तीन फटी बुजवल्या: पाण्याआधी, पाण्यातून बाहेर येताच, आणि दुपारी. चार-पाच महिन्यांत तिची थांबलेली पाळी परतली, बरणीचा कार्यक्रम आपोआप थांबला. वजन दीड किलोने वाढलं आणि ती हादरली. पण हात टिकायला लागले होते, त्यामुळे तक्रार फार काळ टिकली नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर ‘तीन किलो’वाल्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण तो सर्फिंगच्या दृष्टीनेही अर्धवट आहे. बोर्डचं आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि ते खेळाडूच्या वजनावर बेतलेलं असतं. पन्नास-पंचावन्न किलोच्या अव्वल मुलीचा रोजचा बोर्ड पंचवीस लिटरच्या आगेमागे असतो, आणि अर्ध्या लिटरचा फरकही तिला पायाखाली कळतो. तीन किलो घटवले की आहे तो बोर्ड जास्त तरंगायला लागतो, वळणात कड पाण्यात रुतत नाही. त्यातून घटलेल्या तीन किलोंमध्ये पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू गेले असतील, तर पॅडलही गेलं आणि वळणातला जोरही गेला. वर दीड किलो वाढलेल्या मुलीचं सांगितलं, तिच्यासाठी शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने, पुढचा बोर्ड जरा जाड केला, एवढ्यावर विषय संपला. बोर्ड शरीराप्रमाणे बदलतात. उलटं करू नका.

आता मूळ प्रश्न. खरोखर अव्वल मुली काय खातात? दौऱ्यावर मी जे पाहिलं ते कॅमेऱ्यासमोरच्या खाण्यापेक्षा खूपच साधं असतं. भाड्याचं घर, चार-पाच जणींत एक स्वयंपाकघर, कोपऱ्यात कुणाचा तरी भात शिजवायचा कुकर. भात, पास्ता, बटाटे, अंडी, ओट्स, दही, मासे, चिकन, ब्रेडवर मध किंवा शेंगदाण्याचं लोणी, केळी, केळी आणि केळी. व्हिडिओतला आसाई बोल, म्हणजे आसाई नावाच्या जांभळ्या फळाच्या गराचा वाडगा, वाईट नाही. मात्र नुसत्या आसाईत साखर फारशी नसते आणि प्रथिनं तर नावालाच. बोलमधली ताकद येते ती केळं, मध आणि ग्रॅनोला यांतून. दोन तास पॅडल मारून आल्यावर तेवढंच खाल्लं तर स्नायूंच्या दुरुस्तीचं सामान आलंच नाही. सोबत दोन अंडी किंवा वाटीभर घट्ट दही घ्या, मग बोल कितीही देखणा असू दे. आणि लक्षात घ्या, व्हिडिओत दिवसातले तीन देखणे पदार्थ दिसतात, गाडीत कोंबलेला ब्रेड दिसत नाही.

शाकाहारी किंवा पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर हे जमतं का, असंही मला वारंवार विचारतात. जमतं. टिया ब्लँको वीगन आहे आणि तिने २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेची जागतिक स्पर्धा जिंकली. फक्त बी-१२ बाहेरून घ्यावं लागतं, लोहावर नजर ठेवावी लागते, आणि अशा आहारात पोट लवकर भरतं पण कॅलरी कमी येतात हे लक्षात ठेवावं लागतं. एखादी मुलगी अचानक ‘मी आता वीगन’ म्हणू लागली की मी कारण विचारते. प्राण्यांबद्दलची कळकळ असेल तर उत्तम. ताटातून पदार्थ काढायला मिळालेला सभ्य बहाणा असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे.

भात-ब्रेड का सोडू नये, त्याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. स्पर्धेत सर्फर काय करतात याची मोजमापं बऱ्याच जणांनी केली आहेत. वेळेतला जवळपास अर्धा भाग पॅडल मारण्यात जातो आणि प्रत्यक्ष लाटेवर उभं राहणं दहा टक्क्यांच्याही आत. बाकी वेळ बोर्डवर बसून वाट बघणं. पण ते पॅडल एकसुरी नसतं. लाट पकडायला पाच-सात सेकंद जीव तोडून, परत बाहेर जाताना फेसाळ पाणी अंगावर घेत, मग विसावा, की पुन्हा जीव तोडून. अशा तुकड्या-तुकड्यांच्या झटक्यांना स्नायूंत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन लागतं. ती येते कर्बोदकांतून. दिवसाला एक ते तीन तासांचा कस लागणारा सराव असेल तर किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं असा सर्वसाधारण संकेत आहे. सर्फिंगमधला बसण्याचा वेळ धरून मी बहुतेकींना ५ ते ७ पासून सुरू करते आणि दिवसाप्रमाणे वरखाली करते. लाटा नसलेल्या दिवशी कमी, दोन सत्रांच्या दिवशी जास्त. प्रथिनं दिवसाला किलोमागे १.४ ते १.८ ग्रॅम, पण एका ताटात नाही, चार-पाच वेळांत वाटून. एका वेळेला २० ते २५ ग्रॅम पुरतात.

एक बाब आहाराच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. सर्फर पोटावर झोपून काम करते. जठर थेट बोर्डवर दाबलं जातं, मान आणि छाती वर उचललेली, त्यात अधूनमधून खाऱ्या पाण्याचा घोट. धावपटूला चालणारा नाश्ता इथे घशाशी येतो. म्हणून पाण्याआधीच्या दोन तासांत तळलेलं, चीज, खूप कोंडा असलेलं, कच्च्या पालेभाज्यांचं काही नको. ते जठरात रेंगाळतं. पांढरा ब्रेड, मध, पिकलेलं केळं, पातळ ओट्स, फळांचा रस हे पदार्थ एरवी ‘आरोग्यदायी’ याद्यांमध्ये नाक मुरडून बाजूला ठेवतात, पाण्याआधी तेच कामाचे. जेवायला तीन-चार तास मिळणार असतील तर भरपेट जेवा. तासभरच असेल तर मूठभर.

स्पर्धेच्या दिवसांचं गणित आणखी अवघड. स्पर्धेसाठी दहा-बारा दिवसांची मुदत राखून ठेवलेली असते आणि रोज सकाळी आयोजक समुद्र बघून आज होणार की नाही ते सांगतात. सहाला बोलावतात, मग आठला सांगू म्हणतात, मग दहाला. मुलगी सहापासून ‘आता लगेच उतरायचं’ या भीतीने काही खात नाही आणि साडेअकराला रिकाम्या पोटी हीटला जाते. किंवा कंटाळून बसल्या बसल्या खाऊन घेते आणि तेवढ्यात नाव पुकारलं जातं. माझा नियम असा आहे की सहाला पहिला नाश्ता व्हायलाच हवा, हीट होवो न होवो. पुढे ढकललं की दर दोन तासांनी छोटा हप्ता. हीट पंधरा मिनिटांवर आली की फक्त घोटभर गोड पेय. ‘स्पर्धा झाली नाही, मग मी खाल्लेलं वाया गेलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. पाच दिवस वाट बघण्यातसुद्धा शरीर जगत असतं.

आणि कधीकधी सगळं एकाच दिवशी कोसळतं. ८ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात ट्रेसल्सला झालेल्या जागतिक अंतिम फेरीत स्टेफनी गिलमोर पाचव्या क्रमांकावरून सुरुवात करून एकेक जणीला हरवत वर गेली. शेवटी कॅरिसा मूरला सलग दोनदा हरवून तिने आठवं जागतिक विजेतेपद मिळवलं. एका दिवसात पाच हीट, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. असा दिवस सकाळच्या एका नाश्त्यावर निघत नाही. दोन हीटमध्ये पाऊण तास मिळतो, त्यात मुलाखत, बोर्ड बदलणं, प्रशिक्षकाशी बोलणं. मी अशा वेळी मुलीच्या हातात काही ठेवत नाही, तिच्या माणसाच्या हातात ठेवते. पाण्याबाहेर पाऊल पडताच २५-३० ग्रॅम कर्बोदकं, पेयातून किंवा एका केळ्यातून, आणि थोडं मीठ. अर्थात मिठाच्या चवीचं काही पुढे केलं तर बहुतेक जणी तोंड फिरवतात, जीभ आधीच खारवलेली असते. गोड लिंबूपाण्यातलं मीठ कळत नाही, त्यात घाला. ओठ फाटलेले असतील तर आंबट झोंबतं, तेव्हा लिंबूही कमीच.

पाण्यात राहून माणूस कोरडा पडतो, हे लोकांना पटत नाही. शरीर पाण्यात बुडलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. थंड पाण्यात हे आणखी जोरात. वेटसूटमध्ये सगळेच सू करतात, यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते पाणी गेलं हे खरं. गरम समुद्रात वेटसूटच्या आत घाम येतो तो वेगळाच. पाण्याआधी दोन-चार तासांत किलोमागे ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला एक-दोन पेले आणि थोडं वर, पुरतं. एकदा सत्राआधी आणि नंतर, अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करून बघा. जितके ग्रॅम घटले त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या काही तासांत भरून काढायचं. मात्र ज्या मुलीचं वजनाच्या काट्याशी आधीच वाकडं आहे, तिला हा प्रयोग करायला लावू नका. तुमच्या मुलीला तर सध्या नकोच. तिला लघवीचा रंग बघायला सांगा.

लोहाबद्दल थोडं. पाळी येणाऱ्या मुलींत साठा कमी असणं सर्रास दिसतं आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला असू शकतं. व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. म्हणून लोहाची गोळी सांगितली गेली तर ती सकाळी सत्राच्या आधी किंवा सत्र संपल्या संपल्या घ्यावी, क जीवनसत्त्वाबरोबर, आणि चहा-कॉफी तासभर लांब ठेवावी. तपासणीशिवाय लोह सुरू करू नका.

हाडांचा मुद्दा मला जास्त बोचतो. धावणारी मुलगी कमी खाते तेव्हा कधीतरी नडगीच्या हाडाला चीर जाते, दुखतं, तपासणी होते, बिंग फुटतं. सर्फरच्या बाबतीत ती घंटा वाजतच नाही. तास न् तास पॅडल मारण्यात पोहण्यासारखंच हाडांवर वजन पडत नाही. म्हणजे हाडाला घट्ट होण्याचा निरोपही मिळत नाही आणि ते कच्चं राहिल्याची सूचनाही नाही. मुलींची हाडांची कमाई अठरा वर्षांच्या आसपास बहुतेक पूर्ण होते, तुमच्या मुलीकडे दोन वर्षं आहेत. या वयात दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. तीन-चार वेळा दूध, दही किंवा कॅल्शियम घातलेलं सोया दूध आलं तर बहुतेक भागतं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा उड्या आणि वजन उचलणं. दिवसभर उन्हात असते म्हणून ड जीवनसत्त्व भरपूर असणार, असंही धरू नका. सनस्क्रीन, लांब बाह्यांचा वेटसूट आणि पहाटेची वेळ यांत ऊन कातडीपर्यंत फारसं पोचत नाही.

पुरवण्यांबद्दल जास्त लिहीत नाही, कारण खाणं सुधारेपर्यंत त्या बोलण्याच्या लायकीच्या नाहीत. कॅफीनचा फायदा खरा आहे, प्रौढांत किलोमागे ३ मिलिग्रॅमही पुरतं. पण किशोरवयीनांना दिवसाला एकूण १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, आणि नाश्त्याऐवजी कॉफी हा सौदा तर नकोच. तिने भूक मरते. क्रिएटिन, स्नायूंच्या झटक्याच्या कामासाठी घेतात ती पुरवणी, प्रौढ खेळाडूंत कामाचं आहे, मात्र किलोभर पाणी अंगावर धरतं. तेव्हा हंगामाच्या मधोमध नव्या बोर्डबरोबर ते सुरू करणं म्हणजे कशाने काय झालं ते कळायचं नाही. सोळाव्या वर्षी गरज नाही. आणि उत्तेजक चाचणी होणाऱ्या खेळाडूने स्वतंत्र संस्थेने तपासलेल्या मालाखेरीज काही तोंडात घालू नये. डब्यात भेसळ कुणाची का असेना, शिक्षा खेळाडूला.

दिसण्याच्या दबावाबद्दल मुलीशी बोलाल तेव्हा कॅरिसा मूरचं नाव काढा. पाच जागतिक विजेतेपदं, आणि सर्फिंगचं ऑलिंपिकमधलं महिलांचं पहिलंवहिलं सुवर्ण, टोकियोच्या स्पर्धेत २०२१ साली. तरुणपणी स्वतःच्या शरीराबद्दल वाटणारी लाज आणि खाण्याशी झालेला झगडा तिने जाहीरपणे सांगितला आहे. प्रायोजकांना बोर्डवरच्या मुलीइतकीच पोहण्याच्या कपड्यातली मुलगी हवी असते, हे दौऱ्यावरच्या प्रत्येकीला ठाऊक आहे. घरात मात्र एक करता येतं. तिच्या शरीरावर टिप्पणी नाही, चांगलीही नाही. ‘किती छान बारीक झालीस’ हे वाक्य मी अनेक मुलींच्या तोंडून, कित्येक वर्षांनी, जसंच्या तसं ऐकलं आहे, कुणी म्हटलं आणि कुठे उभं राहून म्हटलं त्याच्यासकट.

पाळीच्या टप्प्यांप्रमाणे खाणं बदलायचं, असं हल्ली फार चाललंय. त्याला अजून भक्कम आधार नाही. पाळीआधीच्या दिवसांत भूक थोडी वाढते, तेव्हा थोडं जास्त खावं, इतकंच. आणि जिला पाळीच येत नाही, तिने टप्प्यांचे तक्ते बनवण्यात काय अर्थ?

आता पहाटेचं. ‘खाववत नाही’ हे खरं असतं, नखरा नसतो. पोट झोपेत असतं आणि मन धास्तावलेलं. म्हणून पहिल्या आठवड्यात ताट मांडूच नका. उठल्या उठल्या अर्धा पेला फळांचा रस, बस. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पेला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्याबरोबर अर्धं केळं, जमलं तर वाहनात जाताना. मग मध लावलेला ब्रेडचा तुकडा. रात्रीच्या जेवणानंतर झोपण्याआधी दूध किंवा दही आणि थोडे ओट्स ठेवा, म्हणजे सकाळची भरपाई थोडी आधीच झालेली असते. गंमत म्हणजे रात्री नीट खाल्लं की सकाळी भूक लागते, उलट नाही होत. पाण्यातून बाहेर आली की कपडे बदलण्याआधी हातात काहीतरी द्या. थर्मासमध्ये कोमट गोड दूध ठेवलं तर थंडीने वाजणाऱ्या दातांनाही ते जातं. खरं जेवण त्यानंतर तासाभरात, भातासकट.

डॉक्टरांकडून तपासण्यांचे आकडे आले की त्यांच्या तारखांसह पाठवा. आणि दहा दिवस फोटो, वेळ दिसेल असे. बरणीतल्या चमच्याचाही.